घरटी एक पाकीट

चहाच्या कंपनीतल्या पारखींचे नाक ऐन मोक्याला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या चाखणीच्या आदल्या दिवशी बंद पडले. सकाळी उजवी नाकपुडी गेली. पारखींनी तिचा फारसा शोक केला नाही. एकट्या डावीवर त्यांनी पूर्वी अख्खा हंगाम काढला होता. पण दुपारपर्यंत डावीनेही उजवीची री ओढली, आणि बायकोने समोर ठेवलेला चहा पारखींना नुसत्या गरम पाण्यासारखा लागला.

"कसा झालाय?" बायकोने विचारले.

"बरा आहे."

बायकोने हातातले पातेले खाली ठेवले. लग्न झाल्यापासून या प्रश्नाचे उत्तर कधी एवढ्यावर संपले नव्हते. पाणी जरा जास्त उकळले, दूध सकाळचे आहे, डब्याचे झाकण उघडे राहिले होते आणि शेजारी कांदे होते, इतके सगळे पारखी एका घोटात सांगत.

"नाक गेलं वाटतं," ती म्हणाली.

"हळू बोल. भिंतींना कान असतात."

"कान असू देत. नाक आहे का विचारा, उद्यापुरतं मागून आणू."

पारखींना हसू आले नाही. उद्या सकाळी मालकांसमोर टेबलावर सहा वाट्या मांडल्या जाणार होत्या. त्यांतली एक पारखींनी निवडायची आणि तोच माल कंपनीने वर्षभर आपल्या नावाने विकायचा, अशी पद्धत होती. गेल्याच महिन्यात मालक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "पारखी, माणसाचं वय होतं तसं नाकाचंही होतं. आमचा पुतण्या तयार होतोय. यंदाची चाखणी बघू, मग खुर्चीचं ठरवू." पुतण्याला चहा आणि काढा यांतला फरक रंगावरूनही कळत नसे. पण तो पुतण्या होता, आणि ही पात्रता पारखींना या जन्मी मिळवता येण्यासारखी नव्हती. पारखींना चहाखेरीज दुसरे काहीच येत नव्हते. खुर्ची गेली असती तर ते घरी बसून बायकोच्या चहाला नावे ठेवत बसले असते, आणि त्यात दोघांचाही अंत झाला असता.

यावर उपाय सगळ्या जगाला ठाऊक होता. सर्दीच्या त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या. पूर्वी त्या औषधाच्या दुकानात गल्ल्याजवळ, खोकल्याच्या वड्यांशेजारी पडलेल्या असत. एक गोळी घेतली की तासाभरात नाक धुतल्यासारखे मोकळे. पण मध्यंतरी असा शोध लागला की, काही उपद्व्यापी लोक या गोळ्या उकळून त्यांतून नशेची पूड बनवतात. हे लोक कोण, कुठे राहतात, ते कोणालाच सापडेना. सर्दी झालेले लोक मात्र कुठेही सापडत होते. त्यामुळे नियम त्यांना लावण्यात आला.

नियम सोपा होता. महिन्याला घरटी एक पाकीट. घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचे, अंगठा द्यायचा. घेणाऱ्याला खरोखरच सर्दी झाली आहे, याची खात्री दुकानदाराने स्वतः डोळ्यांनी करून घ्यायची. आणि घेणाऱ्याचे नाव दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचे, म्हणजे समाजाची नजर राहील.

समाजाची पारखींना फिकीर नव्हती. पण कोपऱ्यावरच्या दुकानाचा फळा मालकांच्या रोजच्या वाटेवर होता, आणि मालक तिथे मोटार थांबवून, इतर लोक वर्तमानपत्रातली निधनवार्ता वाचतात तितक्या आवडीने तो वाचत. चहापारख्याचे नाव सर्दीच्या फळ्यावर दिसणे म्हणजे न्हाव्याचा हात कापतो अशी दवंडी पिटण्यासारखे होते.

तेव्हा पारखींनी उसासा टाकला.

इथे या घराची एक रीत सांगायला हवी. या घरात कोणी कोणाला काही मागत नसे. हवे असेल त्याने उसासा टाकायचा आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. पारखींच्या सासूबाईंना गरम पाणी हवे असले की त्या खिडकीकडे बघून उसासा टाकत. मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, जो चार दिवसांसाठी म्हणून आला होता आणि तेव्हापासून तिथेच होता, त्याला दुसरी पोळी हवी असली की तो ताटाकडे बघून उसासा टाकी. लेक कॉलेजात जायला लागल्यापासून तिचे उसासे महाग झाले होते. स्पष्ट मागणे म्हणजे समोरच्याला कळत नाही असे म्हणणे, आणि तो अपमान.

त्या दिवशी नाक बंद असल्यामुळे पारखींचा उसासा सगळाच्या सगळा तोंडावाटे बाहेर पडला. तो नेहमीपेक्षा चांगला तिप्पट मोठा झाला. स्वयंपाकघरात बायकोने ऐकला, माजघरात सासूबाईंनी ऐकला, गॅलरीत मेहुण्याने आणि आतल्या खोलीत लेकीने. चौघांनाही वाटले, हा आपल्यालाच टाकला. चौघेही एकमेकांना काही न सांगता, चपला हातात घेऊन, वेगवेगळ्या वेळी घराबाहेर पडले. कोपऱ्यावरचे दुकान टाळायचे, एवढी अक्कल चौघांनाही होती. म्हणून चौघे चार दिशांना गेले.

बायको बाजारापलीकडच्या दुकानात पोचली.

"सर्दी कोणाला?" औषधवाल्याने विचारले.

"मला."

"शिंका बघू."

"अशी मागितल्यावर कशी येईल?"

"मग बसा त्या बाकावर. आली की हाक मारा, मी बघायला येतो."

बाकावर आधीच काही मंडळी बसली होती. त्यांतला एक गृहस्थ सकाळपासून होता. त्याची सर्दी इतकी खरी होती की नाक पार चोंदून गेले होते, आणि त्यामुळेच त्याला शिंक येत नव्हती. बायकोने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिले, पदराआड धरलेला अर्धा कांदा हुंगला आणि डोळ्यांतून धारा लावून पाकीट मिळवले. गृहस्थ म्हणाला, "नशीबवान आहात."

सासूबाईंना कांद्याची गरज नव्हती. त्यांच्या कनवटीला तपकिरीची डबी असे. त्यांनी दुकानाच्या पायरीवर चिमूटभर ओढली आणि आत जाऊन अशा काही शिंकल्या की, औषधवाल्याने ओळखपत्र हातभर लांबूनच वाचले. मेहुण्याने नाकात दोरा घातला. लेक काहीच न करता नुसती रडली. पोरीच्या रडण्यातले कारण शोधायची त्या औषधवाल्याला हिंमत झाली नाही. त्याला स्वतःला दोन मुली होत्या.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत चार पाकिटे जेवणाच्या टेबलावर आली. ठेवणाऱ्या चौघांनी आधी पाकिटांकडे आणि मग एकमेकांकडे पाहिले.

"तुला कोणी सांगितलं होतं आणायला?" बायकोने भावाला विचारले.

"भाऊजींनी."

"मी चकार शब्द बोललो नाही," पारखी म्हणाले.

"बोलायला कशाला हवं? एवढा मोठा उसासा टाकलात. मला वाटलं, घरात दुसरं कोण धावणार आहे."

"तू धावलास हेच नवल," सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं, चार तर चार. जावईबापू, घ्या एक गोळी आणि पडा."

पारखींनी पेला भरून घेतला. एक गोळी पाकिटातल्या चंदेरी वेष्टनातून अर्धी बाहेर काढली. तेवढ्यात दार वाजले.

दारात फौजदार होते आणि त्यांच्यामागे हवालदार. चारही औषधवाल्यांनी नियमाप्रमाणे ठाण्यावर कळवले होते, आणि चारही कळवण्यांत पत्ता एकच निघाला होता. एरवी एवढ्या तडफेने कोणी आले नसते. पण नियम झाल्यापासून या ठाण्याने एकही पूड करणारा पकडला नव्हता, आणि वरून सारखी विचारणा होत होती की, तुमच्याकडे गुन्हेगार नाहीत की पोलीस नाहीत.

फौजदारांचे नाक टोमॅटोसारखे लाल होते. रुमाल त्यांनी हातातच धरला होता. त्यांनी टेबलावरच्या पाकिटांकडे पाहिले, मग पलीकडच्या उघड्या खोलीकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा बक्षिसाचे पत्र आल्यासारखा खुलला.

ती पारखींची घरची चाखणीची खोली. पांढऱ्या वाट्या ओळीने मांडलेल्या. बारीक तराजू, त्याची चिमुकली वजने, वाळूचे घड्याळ, चहाची किटली ठेवायची शेगडी, आणि भिंतीशी आकडे घातलेले डबे.

"उकळायचं काम इथंच चालतं तर," फौजदार म्हणाले.

"हो. रोज सकाळी," पारखींनी खरे ते सांगितले.

"हवालदार, लिहा. कबूल केलं. हे डबे कसले? यांवर नावं का नाहीत?"

"नाव दिसलं की जीभ पक्षपात करते, साहेब. म्हणून आकडे."

"आणि हे भांडं?"

"थुंकायचं. तोंडात घ्यायचं, फिरवायचं आणि थुंकायचं."

"गिळत नाही?"

"छे. दिवसाकाठी शंभर चाखायचे असतात. गिळत बसलो तर सकाळचं काम दुपारी जमणार नाही."

फौजदारांनी हवालदाराकडे पाहिले. हवालदाराने आदराने मान हलवली. इतका सराईत माणूस त्याने नोकरीत प्रथमच पाहिला होता.

"साहेब, ते चहा चाखतात," बायको म्हणाली. "हे चहाचे पारखी आहेत. वास घेऊन बघा हवं तर."

फौजदारांनी एका डब्यात नाक घातले, जोरात ओढले, आणि नुसताच फुर्र असा आवाज झाला. "कसलाही वास नाही," ते म्हणाले. "हा चहा नाही."

वाट्या, तराजू, डबे, थुंकायचे भांडे आणि गोळ्यांची चार पाकिटे गाडीत गेली. मागोमाग पारखी गेले. "माझा जावई एकटा जाणार नाही," असे म्हणून सासूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांना उतरवायला कोणी धजले नाही.

ठाण्यात पाऊल टाकताच पारखींना आपण इस्पितळात आलो की काय असे वाटले. कारकून शिंकत होता, पहाऱ्यावरचा शिपाई शिंकत होता, कोठडीतला एकुलता एक चोर चादर डोक्यावरून घेऊन कण्हत होता. गेल्या आठवड्यात वरून हुकूम आला होता की, लोकांपुढे आदर्श राहावा म्हणून पोलिसांनी सर्दीची गोळी अजिबात घेऊ नये. आदर्श त्या सर्वांच्या नाकातून वाहत होता.

फौजदारांनी पाकिटे मेजावर ठेवली. कारकून लिहायचा थांबला. पहाऱ्यावरचा शिपाई काही कारण नसताना आत आला.

"साहेब, एक विनंती," पारखी म्हणाले. "उद्या सकाळी माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. यातली एकच गोळी मला घेऊ द्याल?"

"आरोपीला पुरावा खायला देता येत नाही."

"मग पुराव्याचं करणार काय?" सासूबाईंनी विचारले.

"उद्या तपासणीला जाईल. या गोळ्या खरोखर सर्दीच्याच आहेत का, ते तज्ज्ञ बघतील."

"त्याला तज्ज्ञ कशाला? तुमचं नाक आहे की समोर. एक घ्या, नाक सुटलं तर सर्दीच्या, नाही सुटलं तर नाहीत. पुरावा म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

फौजदारांनी हवालदाराकडे पाहिले. हवालदाराने छताकडे पाहिले.

"प्राथमिक तपासणी करायला हरकत नाही," फौजदार सावकाश म्हणाले.

त्यांनी एक गोळी घेतली. थोड्या वेळाने ते खुर्चीत ताठ झाले, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी जग त्यांच्या नाकात शिरत होते. "फिनाईल," ते हळूच म्हणाले. "शाई. आणि कोणीतरी मोजे बदललेले नाहीत."

पण एका माणसाच्या तपासणीवर न्यायालय विश्वास ठेवणार नाही, असे हवालदाराचे मत पडले. त्याने दुसरी घेतली. कारकुनाने खात्रीसाठी दोन घेतल्या. शिपायाने घेतल्या, गाडीच्या चालकाने घेतल्या, आणि उरलेल्या साहेबांनी घरच्या मंडळींच्या तपासणीसाठी खिशात टाकल्या. चोरालासुद्धा एक मिळाली; तो आरोपी असला तरी या गुन्ह्यातला नव्हता. पारखी हे सगळे बाकावरून पाहत होते. एकेक नाक सुटत होते, आणि त्यांचे होते तिथेच होते.

शेवटी कारकुनाने पंचनामा लिहायला घेतला. "गोळ्यांची पाकिटं चार," तो म्हणाला, आणि अडखळला. "साहेब, आत काही नाही."

"मग लिहा, रिकामी."

"रिकामी पाकिटं घरात ठेवणं गुन्हा आहे का हो?" सासूबाईंनी विचारले.

फौजदारांनी विचार केला. "कचरा न टाकणं वाईट आहे, पण गुन्हा नाही," ते म्हणाले. "जा घरी. तुमचं सामान उद्या तुमच्या कंपनीत पोचतं करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारखी चोंदलेले नाक घेऊन कंपनीत गेले. सहा वाट्या मांडलेल्या होत्या. मालक एका बाजूला, पुतण्या दुसऱ्या बाजूला. पारखींनी पहिल्या वाटीतला चमचाभर चहा सुर्र करून ओढला. काही नाही. दुसऱ्या वाटीतही काही नाही. तिसऱ्या वाटीने मात्र घशातून वर, नाकाच्या मुळाशी कुठेतरी बारीकशी टिचकी मारली. चौथी, पाचवी, सहावी पुन्हा गरम पाणी. पारखींना स्वतःचा भरवसा कधीच फार नव्हता. आज तर मुळीच नव्हता. पण ज्या वाटीने मेलेल्या नाकाला जागे केले, ती वाईट कशी असेल, असा त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या वाटीवर बोट ठेवले.

मालकांनी ती चाखली. "वा," ते म्हणाले. "काय दरवळ आहे."

पुतण्याने चाखली. "फुलांचा," तो म्हणाला. "मी हीच म्हणणार होतो."

त्याच वेळी दारात फौजदार उभे राहिले. मागे वाट्यांची टोपली घेऊन हवालदार. फौजदारांनी आत पाऊल टाकले आणि नाक वर केले.

"इथं औषधाच्या कारखान्यासारखा वास कसला येतोय?"

"वास?" मालक म्हणाले.

"वास?" पुतण्या म्हणाला.

फौजदार नाकाच्या मागोमाग टेबलाशी आले आणि तिसऱ्या वाटीवर वाकले. "याला. केवढा उग्र. तुम्हाला खरंच येत नाही?"

पारखींनी मालकांकडे पाहिले. मालकांच्या बाहीतून रुमालाचे टोक डोकावत होते. पुतण्या तर सकाळपासून तोंडानेच श्वास घेत होता, हे आता पारखींच्या ध्यानात आले. कोपऱ्यावरचा फळा जसा पारखींना अडवत होता तसाच त्या दोघांनाही अडवत होता. चहाच्या मालकाचे नाव तिथे कसे लागून चालेल?

मालकांनी रुमालाचे टोक बाहीत आत ढकलले. तेव्हा फौजदारच वासाचा माग काढत निघाले. मागच्या गोदामात तिसऱ्या नंबरच्या चहाच्या पेट्या भिंतीला लावून रचल्या होत्या, आणि त्यांना खेटून पिंपे उभी होती. मोठी, निळी, पुरुषभर उंचीची, छतापर्यंत रचलेली.

"यात काय आहे?"

"ती आमची नाहीत," मालक म्हणाले. "मागची बाजू एका सभ्य गृहस्थांना भाड्याने दिलीय. रात्री ट्रक येतो, सकाळी जातो. सर्दीच्या गोळ्यांत घालतात ना, ती पूड आहे. कागद चोख आहेत."

पारखींना एकदम उमगले. चहासारखा शेजारधर्म पाळणारा पदार्थ नाही; जवळ कांदा ठेवला तर तो कांद्याचा होतो. या पेट्या पिंपांच्या झाल्या होत्या.

फौजदारांनी कागद उलटसुलट पाहिले. सगळे शिक्के होते. "नियम पाकिटाला आहे," ते शेवटी म्हणाले. "पिंपाचा त्यात उल्लेख नाही." त्यांनी कागदांना हलकासा सलाम केला, टोपलीबद्दल पारखींची सही घेतली आणि ते गेले.

मालकांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पारखींना घालवायचे तर त्यांना वास आला नाही असे म्हणायला हवे होते. आणि तसे म्हणायचे तर मग दरवळ कसला आला, ते सांगायला हवे होते. पुतण्याला फुले कुठे सापडली, तेही.

"चाखणी उत्तम झाली, पारखी," मालक म्हणाले. "तिसरा नंबर पक्का. खुर्चीचं पुढच्या वर्षी बघू."

माल बाजारात गेला. पहिला आठवडा पारखींना झोप नव्हती. दुसऱ्या आठवड्यात दुकानांसमोर रांगा लागल्या. हा चहा कडू आहे, उग्र आहे, पण एक कप घेतला की नाक धुतल्यासारखे मोकळे होते, असे जो तो सांगू लागला. औषधवाल्याच्या बाकावरचा तो गृहस्थसुद्धा बरा झाला म्हणतात. मालकांनी पारखींना पगारवाढ दिली आणि पुतण्याला हिशेबाच्या खात्यात पाठवले.

महिना सरता सरता घरातला चहा संपला. पारखी स्वतःच कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. आपण निवडलेला चहा आपणच विकत घेताना त्यांना थोडे लाजल्यासारखे झाले.

"ओळखपत्र," वाणी म्हणाला.

"चहाला?"

"कालपासून नवा नियम. हा चहा घरटी एक पाकीट. अंगठा द्या. आणि इथं सही करा, की घरी नेऊन उकळणार नाही म्हणून."

"चहा उकळायचा नाही, तर मग करायचं काय?"

"ते नियमात दिलेलं नाही. तुमच्या घरचं एक सकाळीच गेलंय, तुमचे मेहुणे येऊन गेले. आता पुढच्या महिन्यात या."

पारखींनी घरी येऊन पाहिले. एकच पाकीट, आणि त्यातला चहा मेहुण्याने मित्रांना पाजून अर्धा संपवलेला. ते खुर्चीत बसले. गोदामात पिंपे अजून तशीच होती. कालच नवा ट्रक येऊन गेला होता. पारखींना ते सगळे आठवले, आणि नकळत त्यांच्या तोंडून मोठा उसासा बाहेर पडला.

लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता. स्वयंपाकघर, माजघर, गॅलरी आणि आतली खोली, चारही बाजूंनी चपला शोधल्याचा आवाज येऊ लागला होता.